सुजाताचा पत्ता

सुजाता,

तुझ्या शोकसभेत तुझ्या फोटोपेक्षा शेठचा फलक मोठा होता. हे अंदाजाने म्हणत नाही. उठून जवळ जाऊन बघितलं, ही सवय तूच लावलेली. फोटो वीतभर, फलक भिंतभर. वर संस्थेचं नाव, त्याखाली संस्थापक म्हणून शेठचं नाव, त्याखाली ज्यांच्या आशीर्वादाने संस्था चालते त्या शेठच्या वडिलांचं नाव, आणि उरलेल्या पट्टीत तू: 'स्वर्गस्थ सुजाताबेन'. सातही कॉम्प्युटरांना झेंडूचे हार. एका मॉनिटरच्या डोक्यावर, जिथून गरम हवा बाहेर पडते नेमकी त्याच जाळीवर, उदबत्तीचं घर. तू असतीस तर सभा थांबवून आधी ती उदबत्ती उचलली असतीस. मी उचलली नाही. पाहुण्यासारखा बसून राहिलो. ज्या गोष्टींचा मला राग आला आहे त्यांच्या यादीत मी स्वतःही आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

तुला जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. तापाचे चार दिवस आणि मग हे पंधरा. चारांपैकी दोन दिवस तू ताप घेऊनच उधन्याच्या संस्थेचा तो जिना चढलीस, मुलांची परीक्षा आहे म्हणून. त्याचाही राग आहे, पण तो तुझ्यावर आहे आणि त्याचं आता काय करायचं ते मला कळत नाही.

आधी त्या 'स्वर्गस्थ'बद्दल. तुमच्या घरात स्वर्ग नाही. तुझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा स्वर्ग ते खानदेशातच सोडून आले. तुमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात. तुझ्या बाबांनी सभेच्या आदल्या दिवशी शेठकडे जाऊन हात जोडून हे सांगितलंही होतं. शेठ म्हणाले, "ए तो एक ज थयुं ने, काका." एकच कसं? ज्या माणसाला फिरोजी आणि आसमानी यांतला फरक कळतो म्हणून सुरतेत पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलने इतकी वर्षं ठेवून घेतलं, त्याला दोन शब्द एकच असतात हे शेठने शिकवायचं!

सभेत सहा भाषणं झाली. त्यांतल्या चार वक्त्यांनी तुला कधी पाहिलेलं नव्हतं. एकाने तुला संगणकयुगाची ज्योत म्हटलं. एकाने सन दोन हजार उजाडताना जगातली सगळी यंत्रं कशी बंद पडणार आहेत यावर पंधरा मिनिटं घेतली आणि शेवटी आठवण झाल्यासारखं तुझं नाव घेतलं, तेही चुकीचं. मग शेठ उठले. म्हणाले, बेनचं शेवटचं काम आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघू या. जिग्नेशला खूण केली. जिग्नेश, तुझ्याबरोबर शिकवणारा, गेले पंधरा दिवस डोळे पुसत असलेला पोरगा, पुढे झाला आणि त्याने तुझा 'रंग' हा प्रोग्रॅम सुरू करायला बटण दाबलं.

पडदा काळा झाला. एक ओळ आली. 'रंग' नावाचा क्लास सापडत नाही.

जिग्नेशने पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. मिलचे दोन साहेब पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनी घड्याळं बघितली. शेठनी घसा साफ केला, चेहऱ्यावर शोक परत आणला आणि साठ-सत्तर माणसांसमोर म्हणाले, "बेन बहु होशियार हती. पण शुं करीए, काम अधूरुं रही गयुं." आणि लगेच पुढचं: काळजी नको, अहमदाबादहून जाणकार येतो आहे, सोमवारी जुनं सगळं पुसून तो नव्याने करून देईल.

तुझे बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांना पडद्यावरची इंग्रजी ओळ वाचता आली नाही, पण 'अधूरुं' कळलं. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "गुरुजी, मनी आंडेर आर्धं काम सोडनारी नही व्हती. तुम्ही देखा ना."

आंडेर म्हणजे लेक, हे तू सातवीत असताना मला सांगितलं होतंस. मी जळगावकडचा असूनही मला अहिराणी येत नाही याची तुला तेव्हापासून गंमत वाटायची.

सातवीचं निघालंच आहे तर तेही सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून येतं. लिंबायतच्या महापालिकेच्या मराठी शाळेत मी 'माझे वडील' असा निबंध दिला होता. बाकीच्या चाळीस जणांचे वडील कष्टाळू, प्रेमळ आणि निर्व्यसनी निघाले. वर्षानुवर्षं तेच निघतात. तू लिहिलंस की माझ्या वडिलांची नखं सोमवारी लाल असतात, गुरुवारी हिरवी, आणि दिवाळीच्या आधी महिनाभर काळी. मी लाल शाईने बाजूला 'अतिशयोक्ती' लिहून दोन गुण कापले. तू वही घेऊन टेबलाशी आलीस. रडली नाहीस, भांडली नाहीस. म्हणालीस, "गुरुजी, येऊन बघा." मी गोडादऱ्याला तुमच्या घरी गेलो. वार गुरुवार होता. त्या हिरव्या नखांनी मला चहाचा कप दिला. दोन गुण मी परत दिले, पण शेरा खोडायचा राहिला. तो त्या वहीत तसाच असणार.

नंतर दहा-बारा वर्षांनी तू उधन्याला, साडीच्या लेसच्या दुकानावर भरणाऱ्या त्या संस्थेत शिकवायला लागलीस आणि रविवारी सकाळी मला तिथे बोलावलंस. मी निवृत्तीला टेकलेला मास्तर, मला कॉम्प्युटर कशाला, असं मी म्हणत राहिलो आणि येत राहिलो. तू म्हणायचीस की तुम्ही आलात की मला मराठी बोलायला मिळतं. शेठनी तेव्हा नव्यानेच जिन्यावर एका कॉम्प्युटर-भाषेची पाटी लावली होती: 'येथे जावा शिकवली जाते'. मी तुला विचारलं, घरोघरी सासवा जावांना शिकवतातच, इथे वेगळं काय? तू पाच मिनिटं हसत होतीस आणि मग पाच मिनिटं रागावली होतीस.

माझा पहिला प्रोग्रॅम म्हणजे पडद्यावर माझं नाव यावं एवढाच. तो चालला नाही. यंत्र म्हणालं, क्लास सापडत नाही. प्रोग्रॅमला ते क्लास म्हणतं. मी म्हटलं, हा काय उद्धटपणा, मी डोळ्यांसमोर लिहून ठेवलाय, आणि हे म्हणतं सापडत नाही! तेव्हा तू मला पोस्टमनची गोष्ट सांगितलीस. या यंत्राला तुम्ही गल्ल्यांची एक यादी दिलेली असते. ते त्या यादीतल्याच गल्ल्यांमध्ये जातं, यादीत आहेत त्या क्रमाने, आणि प्रत्येक ठिकाणी हाक मारतं. तुमचा माणूस शेजारच्या गल्लीत ओट्यावर बसून हात हलवत असला तरी ते तिकडे बघणार नाही. परत येऊन सांगेल, सापडत नाही. ते खोटं बोलत नाही, गुरुजी. उभ्या सुरतेत तेवढं एकच आहे, जे सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणतं.

माझ्या यादीत दोन गल्ल्यांच्या मधला अर्धविराम राहिला होता, त्यामुळे दोन पत्ते चिकटून तिसराच झाला होता. तू तो घातलास आणि म्हणालीस, "यासाठी तुम्ही माझा अर्धा गुण कापायचात. आठवतं?"

तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर तू मुलांसाठी नियम लिहिले होतेस. मी ते उतरवून घेतले, मास्तरांची खोड. यंत्र कुठे शोधतंय ते त्यालाच विचारा. मग तिथे जाऊन बघा. तिथे काय असायला हवं ते मनातून काढून टाका, जे आहे ते अक्षर अक्षर वाचा. मी अठ्ठावीस वर्षं मुलांना वाचन शिकवलं. ते शेवटचं वाक्य मला आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आणि आता आपलं ते भांडण.

'रंग' तू तुझ्या बाबांकडून ऐकून लिहिलास. मिलमध्ये एखादी छटा एकदा जमली की ती कशी जमली हे दोन माणसांच्या डोक्यात राहतं, आणि ती दोन माणसं गावी गेली की व्यापारी नमुना परत पाठवतो: मागच्या वेळचा फिरोजी हा नव्हे. तुझे बाबा त्या दोघांतले एक. तू महिनोन्महिने त्यांच्या पुढ्यात बसून एकेक छटा लिहून घेतलीस. कोणता रंग किती, पाणी किती तापलेलं, कापड किती वेळ आत. शेठनी ते मिलला दाखवायचं कबूल केलं आणि पहिल्या पडद्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं, सोनेरी अक्षरांत, मागे कमळ. तुझं नाव कुठेच नव्हतं. मला ते सहन झालं नाही. मी तुला म्हटलं, तू गप्प कशी? तू म्हणालीस, माझं नाव आहे, आत आहे. आणि मला दाखवलंस: सगळं काम ज्या फोल्डरात ठेवलं होतंस त्याला तू स्वतःचं नाव दिलं होतंस. 'सुजाता', इंग्रजी सहा अक्षरं, बस्स.

इथे मी चुकलो. मला लोकांच्या मोठेपणाची चेष्टा करायची सवय आहे आणि सवय झाली की समोर कोण आहे ते दिसत नाही. मी म्हटलं, म्हणजे शेठने दारावर नाव लिहिलं आणि तू कपाटाच्या आत. फरक काय?

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. म्हणालीस, आमच्या गल्लीला सगळे पाण्याच्या टाकीची गल्ली म्हणायचे, आठवतं? मग नगरसेवकाने तिला स्वतःच्या आईचं नाव दिलं, कमान उभारली, नारळ फोडला. त्यानंतर सहा महिने आमची गावची पत्रं परत गेली. आत्या आजारी पडल्याचं पत्रही परत गेलं. "गुरुजी, नाव मिरवायला असतं. हा पत्ता आहे. मला कुणी शोधायला आलं तर मी कुठे आहे ते कळावं, एवढंच."

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "दगडावर नाव कोरून घेणारा प्रत्येकजण हेच सांगतो."

तू हसली नाहीस. ग्लास धुऊन पालथा ठेवलास आणि म्हणालीस, पुढच्या रविवारी बोलू. पुढच्या रविवारी तुला ताप होता.

म्हणून सभेनंतर तुझ्या बाबांनी 'देखा ना' म्हटल्यावर मी हो म्हणालो. मदत म्हणून नाही. तुझं काम अर्धवट होतं असं ठरून सोमवारी पुसलं गेलं असतं तर आपल्या भांडणातला तुझा पुरावाच पुसला गेला असता, आणि मी फुकटचा जिंकलो असतो.

सोमवारी मी शाळेत रजा टाकली. तुझ्या बाबांनी पाळी बदलून घेतली. आम्ही दोघं जिना चढलो तेव्हा अहमदाबादचा जाणकार आधीच येऊन बसला होता. टाय, कमरेला पेजर, शेजारी सीड्यांची चळत. जिग्नेश त्याच्या मागे चहा धरून उभा. जाणकाराने जावा काढून टाकून नव्याने घातलं होतं. चाललं नाही. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. घरातला माणूस सापडत नाही म्हणून पोस्ट ऑफिस पाडून पुन्हा बांधण्यातला हा प्रकार, पण त्याचे तो तासावर पैसे घेतो म्हणे. मला म्हणाला, "मास्टरजी, यहाँ सुजाता नाम का कुछ है ही नहीं. लड़की ने बनाया ही नहीं होगा." तुझे बाबा बाकावर बसलेले होते. त्यांना हिंदी उत्तम कळते.

मी म्हटलं, तुमचा चहा होईपर्यंत मला बसू द्या. तो हसला, पण उठला. टाय सैल करून खिडकीशी गेला.

माझी बोटं किती हळू चालतात तुला माहीत आहे. मी तुझी वही उघडी ठेवली, मुलांसारखी. पहिला नियम: यंत्र कुठे शोधतंय ते त्यालाच विचारा. विचारलं. त्याने गल्ल्यांची यादी दिली. शेवटची गल्ली तुझ्या नावाची, तूच लिहून ठेवलेली. अर्धविराम जागेवर. दुसरा नियम: तिथे जाऊन बघा. गेलो. यंत्र म्हणालं, अशी जागा नाही. इथपर्यंत जाणकारही आला होता, आणि इथून तो मागे फिरला होता.

तिसरा नियम उरला होता. मी त्या डिस्कवर काय काय आहे याची यादी मागवली. जाणकाराने मागवली होती ती आटोपशीर, आडवी यादी. तिच्यात प्रत्येक नाव आठ अक्षरांत कापून बसवलेलं असतं. मी लांबलचक मागवली, एका ओळीवर एक नाव, शेवटी पूर्ण नाव. मग बोट ठेवून वाचत गेलो, वह्या तपासतात तसा. विंडोज. जावा. जिग्नेशचे खेळ. शेठनी सगळ्या यंत्रांवर घालून घेतलेले देवांचे फोटो. मग एक ओळ. डावीकडे कापलेलं नाव: इंग्रजीत 'स्वर्ग', एक नागमोडी रेघ आणि एकाचा आकडा. उजवीकडे पूर्ण: 'स्वर्गस्थ सुजाता'.

सुजाता, मी ती ओळ तीनदा वाचली. आडव्या यादीत तुझं नाव कापलं गेलं होतं आणि स्वर्ग तेवढा राहिला होता.

मी जाणकाराला ती ओळ दाखवली. तो म्हणाला, "वो तो भगवान का फोल्डर है, उसको हाथ नहीं लगाया." मग मी जिग्नेशकडे बघितलं. तो म्हणाला, ते मी लिहिलं.

त्याला रागवायची माझी तयारी होती, पण त्याने बोलायला सुरुवात केली आणि माझा राग पत्ता बदलून शेठच्या केबिनकडे गेला. तुझी बातमी आली त्या दिवशी शेठनी त्याला बोलावून सांगितलं होतं की संस्थेत ज्या ज्या ठिकाणी बेनचं नाव आहे त्या त्या ठिकाणी आधी 'स्वर्गस्थ' लिही, लोकांना दिसू दे आपण माणसाला मान देतो. जिग्नेशने हजेरीवर लिहिलं. वेळापत्रकावर लिहिलं. कपाटावर तुझ्या नावाची चिठ्ठी होती तिच्यावर लिहिलं. आणि मग, पोरगं मनाचं चोख, त्याने यंत्र उघडलं आणि तिथेही लिहिलं. "साहेब, में तो मान आपवा माटे कर्युं," एवढं म्हणून तो रडायला लागला. तू त्याला चूक सापडल्यावर आनंद व्हायला हवा असं शिकवलं होतंस. तेवढा धडा कच्चा राहिला आहे.

बघ कसं आहे. तू गेलीस म्हणून काही बंद पडलं नव्हतं. तुझं काम पंधरा दिवस तिथेच, त्याच डिस्कवर, पूर्ण, चालायला तयार बसलं होतं. बंद पडलं ते तुला मान दिल्यामुळे. ज्या शब्दाला तुझे बाबा नको म्हणाले होते, तोच शब्द तुझ्या दारावर ठोकलेला होता आणि मग दार सापडेना, तर दोष तुझा ठरला. आणि हे ठरवायला हार, फलक, सहा भाषणं आणि अहमदाबादहून टाय लागला. बाबांचं एक वाक्य ऐकून तो शब्द सगळीकडून काढला असता तर यांतलं काहीच लागलं नसतं.

मी तो शब्द पुसला. नऊ अक्षरं इंग्रजीत, नऊ वेळा बटण दाबलं, आणि मधली मोकळी जागा दहावी. मग 'रंग' सुरू केला.

सोनेरी अक्षरांत शेठचं नाव आलं, मागे कमळ. ते गेलं. मग तुझा साधा राखाडी तक्ता आला. मी 'फिरोजी' लिहिलं आणि तुझ्या बाबांना बोलावलं. एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बराबर शे." सोमवार होता, पण सोमवारचा रंग इतक्या वर्षांत बदललेला; नखं पिवळी होती.

शेठ तेवढ्यात वर आले. पडदा बघितला, दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं आणि जिग्नेशला म्हणाले, "जोयुं? बेने स्वर्गमांथी सुधार्युं."

मी महापालिकेचा नोकर. शिक्षण समितीचे किती अध्यक्ष आले नि गेले, मी एकालाही उलट बोललेलो नाही. जे बोलायचं ते घरी येऊन बायकोला बोलतो. पण त्या दिवशी माझ्या मास्तरी गुजरातीत मी शेठना सांगितलं की बेन स्वर्गात होती तोवरच बंद होतं. तिथून काढली म्हणून चाललं. आणि म्हटलं, काम अधुरं नव्हतं, हे आता काकांना सांगा.

शेठ वाईट माणूस नाहीत, हे तू नेहमी म्हणायचीस आणि मी कधी मान्य केलं नाही. ते थोडे अडखळले. मग तुझ्या बाबांकडे न बघता, बाकाकडे बघत म्हणाले, "काका, काम पूरुं छे." बाबांनी मान हलवली. झालं. साठ-सत्तर माणसांसमोर जे बोललं गेलं ते चौघांसमोर मागे घेतलं गेलं. मिलच्या साहेबांना कळवू म्हणाले आहेत. कळवतील तेव्हा खरं. बाकीच्यांना सांगायला कुणी फलक लावणार नाही, म्हणून मी हे लिहून छापायला देतो आहे.

तू माझी गुरू होतीस, हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. मला वाटायचं, कळतंच की. तू म्हणाली असतीस, कळतंच असं गृहीत धरू नका गुरुजी, लिहून ठेवा. लिहिलं.

आणि ते भांडण. तू जिंकलीस. मिरवायचं नाव असतं तर त्याच्याआधी काहीही चिकटवलं तरी चाललं असतं, उलट शोभलं असतं. शेठच्या वडिलांच्या नावाआधी चार शब्द आहेत आणि त्यांचं काही अडत नाही. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की माणूस हरवतो. तू मला हे दगडाबद्दलच्या त्या वाक्याच्या आधीच सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही, कारण मला काय ऐकायचं ते आधीच ठरलेलं होतं. ज्या चुकीबद्दल मी जाणकाराला एवढं बोललो, तीच.

त्या यंत्राच्या कडेला मी एक चिठ्ठी चिकटवून आलो आहे, गुजरातीत आणि मराठीत: या फोल्डरचं नाव बदलू नये. सही केलेली नाही. जिग्नेशने तिला हार घालायची परवानगी मागितली, मी नाही म्हटलं.

निघताना तुझे बाबा पुन्हा यंत्रासमोर गेले. मला म्हणाले, तिचं नाव कुठे आहे ते दाखवा. मी लांब यादी काढून दिली. त्यांनी बोट ठेवलं आणि मी एकेक इंग्रजी अक्षर मराठीत सांगत गेलो. सहा झाली. ते थांबले.

"पुढे काही नही ना?"

"नाही."

"मांगे?"

"मागेही काही नाही."

"मंग बराबर शे," ते म्हणाले, आणि बोट उचललं. काचेवर पिवळा ठसा राहिला. पुसायला मी रुमाल काढला होता, तो परत खिशात ठेवला.